भुताचा नियम आणि प्रेमाची अडचण : अतिमानवी प्रेमविनोदी ॲनिमे वेगळे ठरते ते कशामुळे?

उंबरठा (धागाकर्ती)

दर तिमाहीला नव्या ॲनिमेंची (जपानी ॲनिमेशन मालिकांची) यादी जाहीर झाली, की तिच्यात एखादी व्हॅम्पायर, एखादी कोल्ह्याचे शेपूट असलेली देवता किंवा शेजारच्या बाकावर बसणारे एखादे भूत हमखास सापडते, आणि त्या भुताच्या प्रेमात पडणारा शाळकरी मुलगाही ठरलेलाच असतो. यांपैकी बहुतेक मालिका संपल्यावर महिन्याभरात विस्मरणात जातात. मोजक्याच मात्र अशा असतात, की त्या पुन्हा पाहाव्याशा वाटतात. हा फरक कशामुळे पडतो, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. पुढे कथानकांतील काही तपशील उघड होतील, तेव्हा ज्यांना ते नको असतील त्यांनी जपून वाचावे.

माझी कसोटी अशी आहे की कथेतले भूत काढून घ्यावे आणि मागे काय उरते ते पाहावे. नायिकेचे सुळे, शिंगे किंवा शेपूट वजा केल्यावरही तीच प्रेमकथा, तेच गैरसमज आणि तोच पावसात एका छत्रीखाली चालण्याचा प्रसंग शिल्लक राहत असेल, तर त्या भुताला कथेत काही काम नव्हते, ते केवळ सजावटीला होते, असे मी समजते. याउलट जिथे अतिमानवी जगाचा नियम आणि त्या दोघांच्या प्रेमातील अडचण या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत, आणि हसूही नेमके त्याच ठिकाणी येते, ती मालिका लक्षात राहते.

‘योफुकाशी नो उता’ हे माझ्या मते याचे सर्वांत नेटके उदाहरण आहे. कोतोयामा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २०१९ ते २०२४ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरील ॲनिमेचा पहिला हंगाम २०२२ मध्ये आला. शाळेत जाणे बंद केलेला आणि रात्री झोप न येणारा चौदा वर्षांचा को यामोरी पहिल्यांदाच रात्री एकटा घराबाहेर पडतो आणि त्याला नाझुना ही व्हॅम्पायर भेटते. रात्रीचे हे मोकळे आयुष्य कायमचे मिळावे म्हणून त्यालाही व्हॅम्पायर व्हायचे असते. इतरत्र यासाठी नुसते चावणे पुरते. येथे मात्र नियम असा आहे, की रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरच्या प्रेमात माणूस आधी पडलेला असला पाहिजे, तरच तो बदलतो. कोला प्रेम म्हणजे काय हेच उमगलेले नाही. एका मुलीने दिलेली प्रेमाची कबुली त्याने नाकारली आणि त्यावरून तिच्या मैत्रिणींनी त्याला धारेवर धरले, तेव्हापासूनच त्याची शाळा सुटत गेली. म्हणजे ज्याला प्रेमात पडणे जमत नाही, त्यालाच ते एखाद्या प्रवेशपरीक्षेसारखे मेहनतीने साध्य करायचे आहे. दुसरीकडे नाझुना कोणताही चावट विनोद बेधडक करते, समोरच्याला लाजवून स्वतः खदाखदा हसते, आणि ‘प्रेम’ हा शब्द उच्चारण्याची वेळ आली की तिचे कान लाल होतात. रक्तपिपासू बाईला लाज कशाची वाटावी, तर प्रेमाची. या एका उलट्या मांडणीवर पूर्ण हंगाम तोलून धरलेला आहे. पुढे इतर व्हॅम्पायर येऊन पहिल्या चाव्यापासून एका वर्षाची मुदत असल्याचे सांगतात आणि मुदतीत काम झाले नाही तर जिवावर बेतणार हे स्पष्ट होते, तेव्हा तोच विनोदी नियम एकदम धारदार होतो. नियम बदललेला नसतो, त्याची किंमत तेवढी आपल्याला कळते.

दुसरे उदाहरण अर्थातच रुमिको ताकाहाशी यांच्या ‘उरुसेई यात्सुरा’चे. पृथ्वी वाचवण्यासाठी अतारू या शाळकरी मुलाने दहा दिवसांत लम या परग्रहावरच्या मुलीची शिंगे पकडायची असतात. शेवटच्या दिवशी तो ‘आता लग्न!’ असे ओरडतो ते शिनोबू या आपल्या मैत्रिणीसाठी, आणि लम ते आपल्यासाठी समजते. एका गैरसमजाने लागलेले हे लग्न मोडता मोडत नाही आणि जुळता जुळत नाही.

तुम्हां सर्वांना काय वाटते? एखादी मालिका या कसोटीवर नापास होऊनही चांगली असेल, तर तीही जरूर सांगावी.

तिखटमीठ

धागा आवडला. एक पुरवणी जोडतो. लम ही परग्रहावरून आलेली आहे, भूत नव्हे, असा आक्षेप कोणीतरी घेईलच म्हणून आधीच सांगून ठेवतो. ताकाहाशींनी तिला अवकाशयान दिले असले तरी तिचे रूप जपानी लोककथांमधील ‘ओनी’ या राक्षसाचे आहे. जुन्या समजुतीनुसार ईशान्य दिशा ही ओनींची येण्याची वाट मानली जाते, आणि जपानी राशिचक्रानुसार ती दिशा बैल आणि वाघ यांच्यामध्ये पडते. म्हणून ओनीला बैलाची शिंगे आणि कमरेला वाघाचे कातडे. लमच्या डोक्यावर शिंगे आहेत आणि अंगावर वाघाच्या पट्ट्यांची बिकिनी आहे ती याच हिशेबाने. सेत्सुबुनच्या सणाला ज्याला भाजलेले सोयाबीन फेकून घराबाहेर काढायचे, ते संकट स्वतःच घरात येऊन राहते आणि नवऱ्यावर हक्क सांगते, हा विनोद जपानी प्रेक्षकाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. परक्या प्रेक्षकाला तो अर्धाच मिळतो, तरीही मालिका चालते, कारण उरलेला अर्धा लम अतारूला देते त्या विजेच्या झटक्यात आहे.

आणखी एक गंमत अशी की लम ही मुळात एका प्रकरणापुरतीच पाहुणी होती आणि दुसऱ्या प्रकरणात ती नाहीच. जिच्यावाचून आज त्या मालिकेची कल्पना करता येत नाही, ती वाचकांच्या आवडीमुळे परत आली.

पेठकरीण

मांडणी नेटकी आहे, परंतु मी अंशतः असहमत आहे. नियम चोख असला म्हणजे कोडे चांगले तयार होते. प्रेमकथा चांगली होईलच असे नाही. मला या प्रकारात सर्वांत मोलाची वाटते ती दोघांची बोलण्याची जुगलबंदी, आणि ती भुतावर अवलंबून नसते.

‘बाकेमोनोगातारी’चे उदाहरण घ्या. निसिओ इसिन यांच्या कादंबरीवरून स्टुडिओ शाफ्टने २००९ मध्ये केलेल्या या मालिकेत सेन्जोगाहारा जिन्यावरून पडते, आरारागी तिला झेलतो आणि तिला वजनच नाही असे त्याच्या लक्षात येते. तिचे वजन ज्याच्याकडे आहे त्या खेकड्याच्या देवाचा हा प्रकार दुसऱ्या भागाच्या अखेरीस निकालात निघतो. त्यानंतर ती दोघे एकमेकांशी जे बोलतात, टोमणे मारतात, शब्दांत अडकवतात, ते पाहण्यासाठी लोक पुढचे भाग पाहतात. बारावा भाग आठवा. सेन्जोगाहारा आरारागीला तारे दाखवायला नेते. मोटार तिचे वडील चालवत आहेत, ते फारसे बोलत नाहीत, आणि मागच्या आसनावर ही मुलगी त्यांच्या पाठीमागे आरारागीला असे काही प्रश्न विचारते, की त्या बिचाऱ्याला धड उत्तरही देता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. वडील आरशातून पाहत असतील का, ही धास्ती आपल्यालाही वाटते. नंतर गवतावर पडून आकाशाकडे पाहताना आपल्याजवळ जे काही आहे ते एवढेच, असे ती मोजून सांगते, आणि त्या मोजदादीत वडील येतात, आकाशही येते. या पूर्ण भागात भूत कुठे आहे? उंबरठा यांच्या कसोटीनुसार त्या मालिकेतील सर्वोत्तम प्रेमप्रसंग भुताविना उभा आहे.

‘सेइशुन बुता यारो’ या २०१८ च्या मालिकेबद्दलही मी हेच म्हणेन. ग्रंथालयात सशाच्या वेशात फिरणारी माई नावाची मुलगी कोणालाच दिसत नाही आणि साकुता या मुलाला दिसते, ही सुरुवात चमकदार आहे. परंतु श्रॉडिंगरचे मांजर, लाप्लासचा राक्षस वगैरे भौतिकशास्त्रातील स्पष्टीकरणे सुरू झाली की माझे लक्ष उडते. साकुता निर्विकार चेहऱ्याने काहीतरी वावगे बोलतो आणि माई त्याच्या पायावर पाय देते, तेव्हा ते पुन्हा जागेवर येते.

रात्रपाळी

इतके प्रतिसाद झाले आणि ‘दान्दादान’चे नाव अजून कोणीच घेतले नाही, याचे नवल वाटले.

युकिनोबू तात्सु यांची ही मांगा २०२१ पासून सुरू आहे आणि सायन्स सारू या स्टुडिओने तिचे ॲनिमे २०२४ मध्ये आणले. मोमोचा भुतांवर विश्वास आहे पण परग्रहवासीयांवर नाही. तिला भेटलेल्या मुलाचे बरोबर उलटे. दोघे पैज लावतात, एक पडक्या रुग्णालयात जाते आणि दुसरा बोगद्यात, आणि दोघांनाही ज्यावर विश्वास नव्हता तेच भेटते. म्हणजे पहिल्याच भागात दोघेही हरतात आणि दोघेही जिंकतात. भांडणाला विषय उरत नाही आणि ओळख मात्र पक्की होते.

त्या मुलाचे खरे नाव केन ताकाकुरा. मोमो ज्या जुन्या चित्रपटनटावर जीव टाकते, त्याचेही नाव हेच. कमी बोलणारा, कणखर पुरुष म्हणून जपानने ज्याला डोक्यावर घेतले त्या नटाचे नाव या चष्मेवाल्या, अडखळत बोलणाऱ्या मुलाला मिळाले आहे. ते कळताच मोमो लालबुंद होते, ते नाव उच्चारायचे नाकारते आणि त्याला ‘ओकारुन’ म्हणू लागते. येथे प्रेमाची अडचण कोणत्याही भुताने आणलेली नाही, ती एका नावात आहे. टर्बो आजी या भुताच्या शापाने ओकारुनचे रूपांतर होते तेव्हा मात्र विनोद शापातूनच येतो. अंगात अफाट वेग येतो आणि त्याच वेळी स्वभाव इतका खचलेला, कंटाळलेला होतो, की जग वाचवतानाही तो उदास पुटपुटत असतो. एरवी शक्ती मिळाली की नायकाची छाती फुगते.

सातव्या भागाविषयी वेगळे लिहायला हवे. ॲक्रोबॅटिक सिल्की या लांब केसांच्या पिशाच्चाशी झालेली झुंज आधीच्या भागात दणक्यात रंगवलेली आहे. मग तिचा जिवंतपणीचा काळ उलगडतो. मुलीला एकटीने वाढवणारी, मिळेल ते काम करणारी आई. बॅले करणारी लहानगी. कर्जवसुलीला आलेली माणसे. हा भाग जवळजवळ संवादाविना आहे. आपण ज्या भुताला मगाशी हसलो, त्याच भुताचे हे आयुष्य आहे हे कळल्यावर आधीचे हसू तोंडातच राहते. टर्बो आजीचेही तसेच. अचकटविचकट बोलणारी ती म्हातारी मुळात त्या जागी हकनाक मेलेल्या मुलींच्या आत्म्यांची सोबत करत होती. माझ्या मते या प्रकाराला वर नेणारी गोष्ट हीच आहे, की प्रेमिकांच्या वाटेत आलेल्या भुतालाही स्वतःचे दुःख असावे. केवळ जोडी जुळवण्यासाठी राबणारी भुते पाहून मला त्यांची कीव येते.

जुना_प्रेक्षक

दान्दादानची स्तुती योग्यच आहे, तरी पहिल्या भागात परग्रहवासी मोमोला पकडून तिचे कपडे उतरवतात तो प्रसंग मला आजही अनावश्यक आणि ओंगळ वाटतो. भीती दाखवायची होती तर दुसरे शंभर मार्ग होते. या प्रकारात ‘विनोद’ या नावाखाली मुलींची विटंबना खपवली जाते, आणि चांगल्या मालिकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. अतारूचा लंपटपणा १९८१ मध्ये चालून गेला म्हणून आज तो आपोआप गोड होत नाही.

उंबरठा

जुना_प्रेक्षक यांच्याशी त्या प्रसंगाबाबत सहमत. अतारूबाबत एवढेच म्हणेन, की तेथे लंपटपणाला प्रत्येक वेळी शिक्षा मिळते आणि ती शिक्षा विजेच्या झटक्याची असते, म्हणजे पुन्हा लमच्या अतिमानवी शक्तीतूनच येते. त्यामुळे सगळे माफ होते असे नाही. मात्र कथा त्याच्या बाजूने उभी नसते. ज्या मालिकांत कॅमेराच लंपट असतो आणि नायक साळसूद, त्या मला अधिक त्रासदायक वाटतात.

पेठकरीण यांचा बाकेमोनोगातारीचा मुद्दा वजनदार आहे, आणि वजनाविषयीच बोलायचे तर उत्तरही तेथेच सापडते. सेन्जोगाहाराचे वजन खेकड्याने हिरावून घेतलेले नाही, ते तिने स्वतः देऊन टाकले आहे. आईसंबंधीच्या वेदना सोसवेनात म्हणून वजनासोबत तिने त्याही सोडून दिल्या. दुसऱ्या भागात वजन परत मिळते याचा अर्थ दुखण्याची क्षमता परत मिळते. पहिल्या भागात आरारागीच्या तोंडात स्टेपलर खुपसून त्याला धमकावणारी मुलगी बाराव्या भागात आपल्याजवळ काय काय आहे ते एकेक करून सांगते. जिच्याजवळ स्वतःचे वजनही नव्हते ती ही मोजदाद करत आहे, म्हणून तो प्रसंग आपल्याला हलवतो. भूत पडद्यावर नसले तरी त्याने केलेली जखम संवादांत आहे. तीच वाक्ये एखाद्या साध्या शाळकरी प्रेमकथेतील मुलीने म्हटली असती तर गोड वाटली असती, एवढेच.

साकुता आणि माईच्या बाबतीतही भौतिकशास्त्राची स्पष्टीकरणे मीही भराभर ओलांडते, मात्र त्याखालचा नियम मला पक्का वाटतो. शाळेतील सगळ्यांनी मिळून माईकडे दुर्लक्ष करायचे ठरवले आणि ते दुर्लक्ष इतके मुरले की ती खरोखर दिसेनाशी झाली. झोपले की तिचा विसर पडतो, म्हणून साकुता जागा राहतो. अखेर तो सगळ्या शाळेसमोर, भर मैदानात उभा राहून घसा फोडून प्रेमाची कबुली देतो. एरवीच्या मालिकांत असा आरडाओरडा हा निव्वळ तमाशा असतो. येथे सगळ्यांच्या नजरा वळवणे हाच इलाज आहे, कारण रोगच नजर वळवण्याचा होता. लाजिरवाणा, हास्यास्पद आणि अत्यावश्यक असा तो एकच क्षण आहे.

सावळबाधा

चर्चा मुख्यतः मुलग्यांसाठीच्या कथांभोवतीच फिरते आहे, म्हणून शोजोची, म्हणजे मुलींसाठीच्या कथांची, बाजू मांडते. ज्युलिएत्ता सुझुकी यांची ‘कामिसामा हाजिमेमाशिता’ २००८ ते २०१६ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिचे ॲनिमे २०१२ व २०१५ अशा दोन हंगामांत आले. जुगारी बाप पळून गेल्याने बेघर झालेली नानामी कुत्र्याला घाबरून झाडावर चढलेल्या एका माणसाला मदत करते. तो तिच्या कपाळाचे चुंबन घेतो आणि आपले घर देऊ करतो. ते घर म्हणजे एक मोडकळीला आलेले देऊळ निघते आणि कपाळावरची खूण म्हणजे तेथल्या देवाचे पद. वीस वर्षे आपल्या धन्याची वाट पाहत बसलेला तोमोए हा कोल्हा ही नवी देवी साफ नाकारतो.

येथला नियम असा, की चुंबनाने करार होतो आणि करार झाला की देवी जे बोलेल ते त्या सेवकाला करावेच लागते. सहसा शेवटच्या भागात येणारे चुंबन येथे पहिल्याच भागात, जीव वाचवण्यासाठी आणि एकाच्या पूर्ण अनिच्छेने होते. मग प्रश्न उरतो तो असा, की ज्याला आज्ञा पाळणे भागच आहे, त्याच्या आपुलकीवर विश्वास कसा ठेवायचा? नानामी आज्ञा देणे जितके टाळते तितकी ती मला आवडत जाते. मुलींसाठीच्या कथांत सामर्थ्यवान पुरुष आणि दुबळी मुलगी हे गणित ठरलेले असते. येथे भांडणात तोमोए जिंकतो आणि नानामीने चुकून ‘बस’ म्हटले की निमूट बसतो.

असे असले तरी उंबरठाताईंना माझा एक प्रश्न आहे. ‘रान्मा ½’चे काय करायचे? गार पाणी पडले की मुलगी, गरम पाणी पडले की मुलगा, हा शाप काढून घेतला तरी रान्मा आणि त्याच्याशी घरच्यांनी लग्न ठरवलेली अकाने एकमेकांशी असेच भांडतील. त्यांची अडचण दोघांचा हट्टीपणा आहे, शाप नव्हे. तरीही ती मालिका उत्तम आहे आणि २०२४ च्या नव्या आवृत्तीतही कापेई यामागुची, मेगुमी हायाशिबारा आणि नोरिको हिदाका या जुन्याच आवाजांनी ती पुन्हा उभी केली.

कोकणचकवा

नियमांबद्दल बोलणे चालले आहे म्हणून थोडे अवांतर. आपल्याकडील भुतेही नियमांची पक्की असतात. मुंजा पिंपळ सोडत नाही, हडळीचे पाय उलटे असतात, चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो. ऐकणाऱ्याला नियम आधीच ठाऊक असल्याने गोष्ट सांगणाऱ्याचे अर्धे काम झालेले असते. जपानी मालिकाही या ठाऊक असण्याचा फायदा घेतात, आणि ‘जिबाकु शोनेन हानाको-कुन’ने तर त्याचाच नियम केला आहे.

शाळेच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मुलींच्या स्वच्छतागृहातील तिसऱ्या दारामागे हानाको नावाच्या मुलीचे भूत राहते, ही जपानमधील शाळाशाळांत सांगितली जाणारी दंतकथा आहे. येथे दार उघडते तेव्हा मुलगा बाहेर येतो. त्याच्या जगात विचित्र प्राणी अफवांवर जगतात आणि अफवा जसे सांगेल तसे त्यांना वागावे लागते. नाहीतर त्यांचे अस्तित्वच धोक्यात येते. वस्तू पळवणारा आणि पाहणाऱ्याचा जीव घेणारा म्हणून बदनाम झालेला एक प्रकार प्रत्यक्षात इवल्याशा गुबगुबीत प्राण्यांचा निघतो, आणि त्यांना गोळ्या दिल्या की ते चोरी करत नाहीत अशी नवी अफवा पसरवून प्रश्न सोडवला जातो. नेने ही नायिका आपल्याला आवडणाऱ्या मुलाला वश करण्यासाठी हानाकोकडे आली होती, आणि शेवटी त्या स्वच्छतागृहाची साफसफाई करणारी मदतनीस झाली. तिच्या जाडजूड पायांवर मालिका जितके विनोद करते तितके मला गरजेचे वाटत नाहीत. जाड रेषांची, मांगाच्या चौकटींसारखी चित्रशैली मात्र पाहत राहावी अशी आहे.

तिखटमीठ

या प्रकाराच्या मुळाशीच असलेल्या एका दुखण्यावर अजून कोणी बोलले नाही. विनोद चालू राहण्यासाठी नाते जागचे हलता कामा नये, आणि प्रेमकथा पुढे जाण्यासाठी ते हलले पाहिजे. अतिमानवी मसाल्याचा सर्वांत सोयीस्कर उपयोग येथेच होतो. दोघे जरा जवळ आली की नवे भूत दारात हजर. ‘उरुसेई यात्सुरा’चे जुने ॲनिमे १९८१ ते १९८६ पर्यंत १९५ भाग चालले ते याच जोरावर. २०२२ साली सुरू झालेल्या नव्या आवृत्तीने ४६ भागांतच शेवट गाठला आणि मला ती त्यामुळे अधिक घट्ट वाटली.

मामोरू ओशी यांनी १९८४ च्या ‘ब्युटिफुल ड्रीमर’ या चित्रपटात नेमक्या याच दुखण्याचा विषय केला. शाळेच्या महोत्सवाचा आदला दिवस पुन:पुन्हा उगवत राहतो. सगळे मित्र तेच, धावपळ तीच, उद्या कधी येतच नाही. हे स्वप्न कोणाचे, तर लमचे, आणि तिची इच्छा एवढीच की प्रिय माणूस आणि सगळी मित्रमंडळी अशीच कायम सोबत राहावीत. प्रेक्षकाचीही इच्छा तीच असते. ज्याला आपण मालिकेचे सुख म्हणतो ते पडद्यावर जवळजवळ भीतिकथेसारखे दिसू लागते.

नवखा_वाचक

यातले काहीही पाहिलेले नसेल तर सुरुवात कशाने करावी? लांबलचक मालिका पाहण्याइतका वेळ नाही.

पेठकरीण

नवखा_वाचक, ‘योफुकाशी नो उता’चा पहिला हंगाम १३ भागांचा आहे, त्याने सुरुवात करा. तोमोयुकी इतामुरा यांच्या दिग्दर्शनात रात्रीचे निळे-जांभळे रंग असे काही उतरले आहेत, की कथा आवडली नाही तरी वेळ वाया गेला असे वाटणार नाही. बाकेमोनोगातारी पहिल्याच घासाला देऊ नये. तिच्यातील बडबड सोसण्यासाठी आधी या प्रकाराची थोडी गोडी लागलेली असावी. ‘दान्दादान’ घरातील मोठ्यांसमोर लावू नका, इतकेच सांगते.

उंबरठा

सावळबाधा, रान्माचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. तरी मला वाटते की तेथेही शाप बिनकामाचा नाही. अकाने मुलांना वैतागलेली आहे, कारण शाळेत रोज सकाळी मुलांची झुंडच्या झुंड तिच्याशी लढायला उभी असते. रान्मा तिच्या घरी प्रथम येतो तो मुलीच्या रूपात, आणि दोघींची दोजोमध्ये (सरावाच्या आखाड्यात) लुटुपुटुची लढत होते. हरल्यावर अकाने हसते आणि तू मुलगी आहेस म्हणून बरे वाटले, मुलाकडून हरणे मला आवडले नसते, असे सांगून जाते. न्हाणीघरात खरा प्रकार उघड व्हायच्या आधी तिने त्याला मैत्रीण म्हणून स्वीकारलेले असते. शाप नसता तर ते दार उघडलेच नसते. वडिलांनी ठरवलेला वर म्हणून तो पहिल्या मिनिटाला बाहेर गेला असता. पुढच्या शेकडो भांडणांना शापाची गरज नाही हे मान्य. सुरुवातीच्या त्या एका हसण्याला मात्र आहे.

तिखटमीठ यांनी शेवटाचा विषय काढलाच आहे, तर अतारूचा शेवट मला या प्रकारातील सर्वांत धाडसी वाटतो. पुन्हा तीच शिंगे पकडण्याची शर्यत लागते. या वेळी अट अशी की अतारूने शिंगे पकडावीत किंवा प्रेमाची कबुली द्यावी, अन्यथा सगळ्यांच्या आठवणी पुसल्या जातील. एक वाक्य बोलले की सुटका आहे, आणि तो ते बोलत नाही. धाकाखाली दिलेली कबुली खरी की केवळ सुटकेसाठी, हे मग कधीच कळणार नाही, म्हणून तो ऊर फुटेस्तोवर धावणे पसंत करतो. साकुताला नियमाने ओरडायला लावले आणि अतारूला नियमानेच गप्प बसवले.

पेठकरीण

मला हे विवेचन पटते, परंतु त्या शर्यतीचा निकाल नियमाने लागत नाही, हेही नोंदवून ठेवते. अतारू धडपडतो, त्याने जपून ठेवलेले लमचे शिंग खाली पडते, आणि ते पाहून लम विरघळते. ते शिंग जपायला त्याला कोणत्याही अटीने सांगितले नव्हते.

उंबरठा

नव्हते खरे. परंतु नायिकेचा रुमाल जपणारे नायक आपण शंभर पाहिले आहेत. तिचे शिंग जवळ बाळगून हिंडणारा मिळायला नायिका ओनीच असावी लागते.